चौरस फुटांचा हिशेब

१९२० साली मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज लॉइड याने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे नवे खाते काढले. खात्याकडे दोन मोठी कामे होती. बॅकबेचा समुद्र मागे हटवून शहराला जमीन मिळवून द्यायची आणि गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या. दोन्ही कामे ठरल्यापेक्षा बरीच लहान होऊन थांबली. भरावाने इतका पैसा गिळला की लोक त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि पुढे त्याच बॅकबेच्या टोकाला त्यांचेच नाव मिळाले. मुंबईचा असा विनोद फार जुना आहे. खोल्यांच्या बाबतीत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना बीडीडी चाळी म्हणू लागले, ते आजतागायत.

समुद्रातून मिळालेल्या जमिनीवर सरकारने भाडेपट्ट्याने प्लॉट दिले. तिथे १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती झाल्या. म्हणजे एकाच खात्याच्या वहीत एका पानावर ओव्हलची जमीन आहे आणि दुसऱ्या पानावर वरळीच्या चाळी. दोन्हीकडचे बांधकामही एकाच नव्या सामग्रीचे, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे.

पुढे काय झाले ते तारखांवरूनच कळते. ३० जून २०१८ रोजी बहारीनमधल्या मनामा शहरात युनेस्कोच्या समितीने ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतर मुंबईतले हे तिसरे नाव. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत बीडीडीच्या ५५६ रहिवाशांना चाळी पाडून बांधलेल्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे.

एकीकडे रहिवाशांनी इमारती वाचवल्या, दुसरीकडे रहिवासी पाडकामाला राजी झाले. ओव्हलच्या लोकांना वारशाची जाण होती आणि वरळीच्यांना नव्हती, असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. ते बहुधा बीडीडीच्या खोलीत कधी राहिलेले नसतात. माझ्या मते या फरकाचा अभिरुचीशी फारसा संबंध नाही. तो चौरस फुटांच्या हिशेबातून आला आहे आणि त्या हिशेबाचे नियम सरकारने लिहिले आहेत. जुनी इमारत वाचवायला निघालेल्या प्रत्येक गल्लीने आधी ते नियम समजून घ्यायला हवेत.

आधी ओव्हलकडे जाऊ. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळे एकोणिसाव्या शतकातले टोकदार कमानींचे दगडी काम. पश्चिमेला मध्ये मैदान ठेवून साठ-सत्तर वर्षांनी धाकट्या इमारतींची रांग: गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर पट्टीसारखे लांबलचक छज्जे, दर्शनी भागावर आडव्या रेघा, फिक्या रंगांचा गिलावा, प्रवेशाच्या जिन्यात जहाजाची आठवण करून देणाऱ्या गोल खिडक्या आणि दारावर इमारतीचे नाव खास घडवलेल्या अक्षरांत. ही आर्ट डेको शैली युरोप-अमेरिकेतून आली, पण आराखडे काढणारे पुष्कळसे इथलेच होते. त्या पिढीतले महत्त्वाचे नाव म्हणजे जी. बी. म्हात्रे. ओव्हलसमोरचे एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या वळणावरचे सूना महाल ही त्यांची कामे. आपल्याकडे नाटककारांच्या आणि गायकांच्या जन्मशताब्द्या साजऱ्या होतात. अर्ध्या मुंबईला राहण्याची नवी रीत देणाऱ्या या मराठी वास्तुरचनाकाराचे नाव मात्र वास्तुशास्त्र महाविद्यालयांबाहेर कुणी घेत नाही, हे मला नेहमी खटकते.

नवी रीत म्हणजे ‘ब्लॉक’. एका दाराआड दिवाणखाना, झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि आपला स्वतःचा संडास-बाथरूम. आज हे सांगण्यासारखेही वाटत नाही. पण चाळीच्या टोकाला सगळ्या मजल्याने मिळून वापरायचा संडास असलेल्या शहरात ती क्रांती होती. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये आदर्श घरांचे प्रदर्शन भरले होते आणि मध्यमवर्गाने तिथे रांगा लावल्या होत्या. काँक्रीट हा त्या काळाचा चमत्कार होता. जाड भिंतींची गरज राहिली नाही, गॅलरी खांबाशिवाय बाहेर काढता आली, कोपऱ्यात खिडकी ठेवता आली. इमारतींची उंची आणि समोर सोडायची जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या अटींनी बांधलेली होती. त्यामुळे रांग एका सुरात दिसते. या शिस्तीचे श्रेय कुणाच्या सौंदर्यदृष्टीपेक्षा कराराच्या कलमांना जास्त आहे.

या रांगेच्या बचावाची सुरुवात इमारतींपासून झाली नाही. सुरुवात समोरच्या मैदानापासून झाली. नव्वदच्या दशकात ओव्हलची पार रया गेली होती. कचरा, गर्दुल्ले, तुटके कुंपण, आणि देखभाल करणाऱ्या सरकारी खात्याला त्याचे सोयरसुतक नाही. ओव्हल-कूपरेज परिसरातले रहिवासी एकत्र आले, त्यांनी संघटना केली, कोर्टात गेले आणि शेवटी मैदानाच्या देखभालीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कुंपण, चालायची वाट, झाडे, राखणदार, सगळ्याचा खर्च वर्गणी आणि देणग्यांतून. बाहेरून पाहिले तर ही एका मैदानाची गोष्ट. पण या काही वर्षांत त्या लोकांना एकमेकांचे फोन नंबर मिळाले, वकील सापडले, पालिकेत कुठल्या टेबलावर काय अडते ते कळले आणि पैसे गोळा करून त्यांचा चोख हिशेब देण्याची सवय लागली. कुठल्याही बचाव मोहिमेला लागणारे भांडवल हेच असते. ते इमारतीवर हातोडा पडायची वेळ आल्यावर जमवता येत नाही.

युनेस्कोच्या यादीत जायचे तर जाडजूड प्रस्ताव लागतो: प्रत्येक इमारतीची नोंद, नकाशे, इतिहास, संरक्षणाचे कायदे, व्यवस्थापनाचा आराखडा. सहसा हे काम सरकार करते. इथे पुढाकार नागरिकांच्या संस्थांचा होता. ओव्हल-कूपरेजची रहिवासी संघटना, नरिमन पॉइंट-चर्चगेट परिसरातली संघटना, काळा घोडा असोसिएशन, अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट अशा अनेकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या कार्यालयाने प्रस्ताव तयार केला. २०१२ मध्ये भारताच्या प्राथमिक यादीत नाव गेले आणि त्यानंतर मान्यता मिळेपर्यंत सहा वर्षे. अखेर ६६ हेक्टरांच्या परिसरातल्या ९४ इमारती यादीत आल्या. त्याच सुमारास, २०१६ मध्ये, मरीन ड्राइव्हचे रहिवासी अतुल कुमार यांनी आर्ट डेको मुंबई ही संस्था सुरू केली. शहरभर फिरून एकेका इमारतीचे फोटो, माहिती आणि बारकावे नोंदवायचे, हे तिचे काम. हा दस्तऐवज ओव्हलपुरता नाही. माटुंगा, दादर, शीव, महंमद अली रोड, सगळीकडे अशा इमारती निघाल्या. ज्या इमारतीचे नाव कुठल्याच यादीत नसते, ती पाडताना कुणाची परवानगी चुकत नाही. म्हणून नोंद करणे हे बचावाचे पहिले काम ठरते.

आता हिशेबाकडे येतो, कारण इथे सगळी मेख आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. हेतू रास्त होता. पण तात्पुरती म्हणून आलेली तरतूद पन्नास वर्षे टिकली. दक्षिण मुंबईत अजूनही महिना दोनशे-तीनशे रुपये भाड्यात राहणारी कुटुंबे आहेत. त्या पैशात घरमालकाला जिन्याचा कठडाही रंगवता येत नाही, मग तो गळकी गच्ची कशाला दुरुस्त करेल? भाडेकरूला वाटते की इमारत मालकाची, खर्च त्याने करावा. मालकाला वाटते की इमारत नावापुरती माझी, राहतात ते, त्यांनी करावा. या दोघांच्या मधून पावसाचे पाणी तुळईत उतरत राहते. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ द्यायची सोय केली. पण मूळ आकडाच इतका लहान, की त्याचे चार टक्के म्हणजे चहाचे पैसे.

साठच्या दशकात पावसाळ्यागणिक इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले. जुन्या खासगी भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी योजना. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. आज तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. हे मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आले. त्याची दुरुस्ती ज्याने पाहिली आहे त्याला टेकू आठवतील. लाकडी बल्ल्यांचे टेकू, मग लोखंडी टेकू. काही इमारतींत टेकू लागल्यावर जन्मलेली मुले त्याच टेकूंमधून वाट काढत कॉलेजात गेली.

दुरुस्ती परवडत नाही म्हटल्यावर सरकारने पुनर्बांधणी परवडेल अशी व्यवस्था केली. विकास नियंत्रण नियमावलीतले ३३(७) हे कलम गिरगाव-लालबागमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली तर तीन एवढा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, किंवा जुन्या रहिवाशांना लागेल तेवढे क्षेत्र आणि वर त्याच्या पन्नास टक्के प्रोत्साहन म्हणून, यातले जे जास्त असेल ते. हे जादा क्षेत्र विकून बिल्डर पैसे मिळवतो आणि त्यातून रहिवाशांना घर फुकट मिळते. त्यासाठी एक्कावन्न टक्के रहिवाशांची संमती पुरते. रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट मिळतातच. ज्याचे घर मोठे असेल त्याला तेवढे क्षेत्र मिळते, पण १२० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,२९० फूट.

हे दोन आकडे पुन्हा पाहा. किमान ३००, कमाल १,२९०. गिरगावातल्या १२० फुटांच्या खोलीतल्या कुटुंबाला पाडकामातून अडीचपट जागा मिळते, घरात संडास मिळतो, लिफ्ट मिळते आणि त्या घराची मालकी मिळते. म्हणजे इमारत राखा असे सांगायला येणारा माणूस त्यांना प्रत्यक्षात काय सोडा म्हणतो, ते स्पष्ट आहे. याउलट ओव्हलसमोरच्या दीड-दोन हजार फुटांच्या ब्लॉकमधल्या भाडेकरूला त्याच कलमाने कदाचित आहे त्याहून लहान घर मिळेल आणि समोरचे मैदान दिसणारी गॅलरी विसाव्या मजल्याच्या काचेमागे जाईल. तोही नियंत्रित भाड्यातच असतो, त्याचा मालकही दुरुस्तीला नाखूश असतो. पण पाडकामात त्याचा फायदा काहीच नाही. म्हणून ओव्हलच्या मोहिमेला आतून सुरुंग लागला नाही. तिथल्या लोकांचे कष्ट खरे होते, चिकाटीही खरी. पण त्यांची आवड आणि त्यांचा फायदा एकाच बाजूला होते. बहुतेक गल्ल्यांच्या नशिबात हा योग नसतो.

शिवाजी पार्क हे मधले उदाहरण आहे आणि मला ते सगळ्यांत बोलके वाटते. तीस-चाळीसच्या दशकातल्या दोन-तीन मजली इमारती, गोल गॅलऱ्या, आर्ट डेकोचे घरगुती मराठी रूप. रहिवासी शिकलेले, संघटित, आपल्या मैदानाबद्दल कमालीचे हळवे. सभा आणि कर्ण्यांच्या त्रासाविरुद्ध ते कोर्टात गेले आणि २०१० मध्ये पार्काला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करून घेतले. २०१२ मध्ये पालिकेने वारसा वास्तूंची वाढीव यादी प्रसिद्ध केली. आठशेहून अधिक नोंदी होत्या, शिवाजी पार्कचा परिसरही त्यात. त्याच शिवाजी पार्कात विरोधाची लाट उठली. वारसा ठप्पा लागला तर पुनर्विकास अडेल, लिफ्ट मिळणार नाही, गाड्या ठेवायला जागा मिळणार नाही, म्हाताऱ्या आईबापांनी तिसरा मजला रोज चढायचा का, असे प्रश्न होते. त्यांना उत्तर द्यायला कुणी आले नाही. सूचना आणि हरकतींचा ढीग पडला, यादी फेरतपासणीला गेली. आज पार्काभोवती चक्कर मारली तर जुन्या रांगेतून टॉवर डोके काढताना दिसतात. मैदानासाठी कोर्टात जाणारी आणि वारसा यादीला हरकत घेणारी वस्ती एकच. मैदान राखण्यात कुणाचे नुकसान नव्हते. इमारत राखण्यात मात्र होते आणि ते भरून द्यायची तयारी सरकारने दाखवली नव्हती.

तसा कायद्यात एक उपाय आहे. १९९५ मध्ये मुंबईने शहरी वारशासाठी नियम केले. असे करणारे हे देशातले पहिले शहर. इमारतींना पहिली, दुसरी आणि तिसरी श्रेणी दिली, दुसरीत अ आणि ब केले, सल्ल्यासाठी वारसा समिती नेमली. वारसा इमारतीवर जे जादा बांधकाम करता येत नाही त्याचा हक्क दुसरीकडे विकायची, म्हणजे टीडीआरची, सोयही ठेवली. कागदावर हे छान दिसते. व्यवहारात टीडीआर जमीनमालकाला मिळतो. खोलीत राहणाऱ्याच्या हाती त्यातले काही येत नाही, घर फुटाने वाढत नाही, संडास आत येत नाही. म्हणजे इमारत राखण्याचा मोबदला एकाला आणि गैरसोय दुसऱ्याला. बचाव मोहिमा एवढ्या तेवढ्यावरून का फुटतात याचे उत्तर यात आहे.

तरीही दुरुस्ती होतच नाही असे नाही. लाल चिमणी कंपाउंड ही पारशी कुटुंबांची भाड्याची वसाहत आहे. ती एका धर्मादाय न्यासाच्या मालकीची आहे. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांनी तिथली दुरुस्ती केली आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. राजवाडा नाही, मंदिर नाही, भाडेकरूंनी भरलेली साधी घरे. इथे काय वेगळे होते? मालक न्यास होता. त्याला जमीन विकून बाहेर पडायचे नव्हते, लोकांना घर देणे हेच त्याचे काम होते. मालकाला पाडण्यात रस नसला की दुरुस्ती अचानक शक्य होते.

तांत्रिकदृष्ट्या बहुतेक जुन्या इमारती दुरुस्त होतात, हेही सांगायला हवे. कारण ‘आता काही उरले नाही, पाडावीच लागेल’ हे वाक्य मुंबईत फार सहज म्हटले जाते. गिरगावच्या जुन्या चाळींचा सांगाडा सागाचा असतो, त्यात विटा भरलेल्या. साग शंभर-दीडशे वर्षे टिकतो, फक्त तो ओला राहता कामा नये. चाळीत नेमकी मोरी आणि संडासाच्या बाजूची तुळई सडते, कारण पाणी तिथे मुरते. बाकीचा सांगाडा ठणठणीत असतो. सडलेले टोक कापून नवा सागाचा तुकडा सांधता येतो. पण ठेकेदाराला लोखंडी गर्डर आणि वर लाद्या टाकून केलेला कोबा सोपा पडतो. तो जड असतो आणि जुन्या भिंतीवर नवे ओझे येते. सांधा काढणारा सुतार मिळत नाही म्हणून अख्खी इमारत निकालात काढली जाते.

ओव्हलच्या आणि वरळीच्या काँक्रीटचा आजार वेगळा. खाऱ्या हवेतले क्षार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतात. काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणामुळे आतली सळई सुरक्षित असते. ते आवरण निकामी झाले की सळईला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, तो आतून दाब देतो आणि बाहेरचे काँक्रीट पापुद्रे सुटल्यासारखे पडते. सळई उघडी दिसली की रहिवासी घाबरतात आणि साहजिकच आहे. पण उपाय आहे. सुटलेले काढायचे, सळई घासून तिला गंजरोधक लेप द्यायचा, फार झिजली असेल तर जोडीला नवी द्यायची, वर पॉलिमरयुक्त मॉर्टर भरायचे आणि खांब कमकुवत असेल तर त्याला बाहेरून काँक्रीटचा अंगरखा चढवायचा. मरीन ड्राइव्हवर हे वर्षानुवर्षे चालले आहे. खर्च मोठा असतो, पण काम नेहमीचे आहे.

मग इमारत ‘धोकादायक’ कोण ठरवते? इथे मुंबईतल्या बचावाची खरी लढाई होते आणि ती मोर्चात नाही, अहवालात होते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. त्यावरून पालिका वर्ग ठरवते. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. एका अक्षर-आकड्याच्या फरकाने शंभर कुटुंबांचे भवितव्य बदलते. मालकाने आणलेला अहवाल सी-१ म्हणतो, भाडेकरूंनी आणलेला सी-२बी. असे परस्परविरोधी अहवाल आले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. म्हणून अहवाल वाचता येणारा एकजण तरी इमारतीत असावा. नुसते डोळ्यांनी पाहून लिहिले आहे, की काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून, आतला तुकडा कापून, कार्बन किती खोल गेला ते तपासून लिहिले आहे? चाचण्या कुठल्या खांबांच्या केल्या, फक्त संडासाच्या बाजूच्याच का? एवढे प्रश्न विचारले तरी पुष्कळ अहवालांचा रंग उतरतो.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्याची ही इमारत १८६० च्या दशकात उभी राहिली आणि ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंचे चलतचित्र भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. पुढे हॉटेल बंद पडले, आत असंख्य भाडेकरू आले, डागडुजी थांबली. २००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळून माणूस दगावला. दुसऱ्या श्रेणीतली वारसा इमारत, तरी २०१९ मध्ये आयआयटी-मुंबईच्या तज्ज्ञांनी ती पाडावी असे म्हटले, संवर्धनवाल्यांनी राखता येईल असे म्हटले आणि भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. जगभर नाव असलेली इमारतसुद्धा अहवालाच्या एका शेऱ्यावर अडते, तर भायखळ्याच्या गल्लीतल्या बेनाम इमारतीचे काय?

अलीकडे या लढाईत नवे कलम आले, म्हाडा कायद्यातले ७९-अ. त्याला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा. त्याने न दिल्यास भाडेकरूंच्या सोसायटीला तेवढीच मुदत, आणि त्यांनीही न दिल्यास म्हाडाने इमारत ताब्यात घ्यायची. रखडलेल्या भाडेकरूंना याचा आधार वाटला आणि तो खोटा नव्हता. पण नोटिसा इतक्या सढळ हाताने निघाल्या की प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने नऊशेहून अधिक नोटिसांना स्थगिती दिली आणि त्या कशा काढल्या गेल्या याची चौकशी करायला निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. पुरेशी तांत्रिक तपासणी न करता इमारती धोकादायक ठरवल्या गेल्याचा आक्षेप होता. पाडकामाच्या बाजूने असलेल्यांना हा आदेश अडथळा वाटतो, पण माझ्या मते भाडेकरूला पाडकाम हवे असो वा नको, या आदेशाने त्याचे भलेच केले. खोटा अहवाल दोघांनाही बुडवतो.

इमारत वाचवायची म्हणून कुणी विचारायला आले तर मी त्यांना तीन-चार रुक्ष गोष्टी सांगतो. आधी वारसा यादीत नाव आहे का आणि श्रेणी कुठली ते पालिकेत पाहा. प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचे क्षेत्र मोजून त्याची अधिकृत नोंद करून घ्या. इमारत पाडावी लागली तरी हक्क याच कागदावर टिकतो आणि नोंद असलेला भाडेकरू भीतीपोटी सही करत नाही. मालक दुरुस्ती करत नसेल तर पालिका कायद्याच्या ४९९ व्या कलमाखाली भाडेकरूंना आयुक्तांच्या मंजुरीने स्वतः दुरुस्ती करून खर्च मालकाकडून वसूल करता येतो. हे कलम वापरणारे फार थोडे भेटतात. आणि खर्चाचा अंदाज दोन वेगळ्या अभियंत्यांकडून घ्या, त्यातल्या एकाने तरी जुन्या लाकडाचे काम केलेले असावे.

बीडीडीत हे काहीच शक्य नव्हते. मालक सरकारच आणि खोली १६० फुटांची. त्यामुळे तिथला झगडा इमारत राखण्याचा झालाच नाही. पात्र कोण, घर किती फुटांचे, करार आधी की घर रिकामे आधी, यावर तो चालला. नायगावात आणि डिलाईल रोडला सुरुवातीला रहिवाशांनी सर्वेक्षणच रोखून धरले होते. सरकारवर आंधळा विश्वास टाकायचा नाही हे शहाणपण त्यांना तीन पिढ्यांच्या अनुभवाने आले होते. या आग्रहातून जे ५०० फूट पदरात पडले त्यात वारसा समितीचा काही वाटा नाही. आता टॉवरच्या लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणेचा महिन्याचा खर्च कुणी भरायचा, यावर तिथल्या बैठका चालू होतील. शंभर वर्षांपूर्वी लॉइडच्या खात्याने खोल्या बांधल्या तेव्हा कामगारांना त्यांचे भाडे परवडेना, म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या होत्या.